चूल एकच आहे, प्राध्यापकसाहेब

संपादक महोदय, स. न.

कालच्या रविवार पुरवणीत 'लाडकी बहीण'मुळे एकत्र कुटुंबे फुटत असल्याचे एका समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहिले आहे. पंधराशे रुपयांसाठी सुना वेगळ्या राहू लागल्या म्हणे. छान! आमच्याकडे दोन सुना आहेत आणि चूल एकच. फुटली ती शिधापत्रिका, तीही नियम वाचून. २०२४च्या शासन निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. पुढे ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेताना, मात्र कुटुंबातली एक विवाहित आणि एक अविवाहित एवढ्याच लाभ घेतात, असे लिहून घेतले. मग माणसे कागदावर वेगळी होणार नाहीत तर काय?

समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांनी एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न आणि सामाईक मिळकत ही एकत्र कुटुंबाची खूण सांगितली होती. लेखात त्यांचे नाव दोनदा आले आहे, म्हणून आठवण करून दिली.

आमच्या वन्सं विधवा आहेत, आमच्याकडेच असतात. ई-केवायसीला पती किंवा वडिलांचे आधार मागितले. त्यांचे यजमान वारलेले आणि वडील, म्हणजे आमचे मामंजी, गेले तेव्हा आधार कार्ड निघालेच नव्हते. केंद्रातला मुलगा म्हणाला, "मावशी, भावाचं टाकून बघू." भाऊ चालला नाही. नंतर सरकारला जाग आली आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. यजमान वारले परगावी, त्यामुळे दाखल्यासाठी पुन्हा एसटीच्या खेपा.

कोणी म्हणाले, संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करा. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार! बहिणीला अडीच लाख चालतात, निराधाराला एकवीस हजार. भाऊ सांभाळतो म्हणून वन्सं निराधार नाहीत आणि आधार जोडायची वेळ आली की तोच भाऊ कुटुंबात बसत नाही. प्राध्यापकांनी सुनांची झडती घेण्याऐवजी यावर चार ओळी लिहिल्या असत्या तर उपकार झाले असते.

जाता जाता एक. त्याच अंकात पहिल्या पानावर पानभर सरकारी जाहिरात होती. शब्दकोडे बहुधा तिच्यापायी गाळले असावे. आज त्याचे उत्तर मात्र आपण न चुकता छापले आहे.

– एक सासू, कराड