पेपर्स आहेत म्हणजे नेमकं काय आहे?

मा. संपादक,
स.न.

कुत्र्याचं पिल्लू विकत घेताना काय काय बघावं यावरचा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला होता, पण त्यात "केनेल क्लबचे पेपर्स असले की निर्धास्त व्हा" असं एक वाक्य होतं (केनेल क्लब म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था आणि पेपर्स म्हणजे तिचं नोंदणीचं सर्टिफिकेट) आणि तिथे मला राहवलं नाही, कारण याच भरवशावर मी एकदा फसलेय आणि नंतर आमच्याच लॅब्रेडॉर कुत्रीच्या एका लिटरचं, म्हणजे एका वेतातल्या पिल्लांचं, रजिस्ट्रेशन स्वतः केलंय, म्हणजे दोन्हीकडून बघून झालंय.

बऱ्याच जणांना वाटतं की क्लबचा माणूस येतो, पिल्लाचे कान-शेपूट बघतो आणि शिक्का मारतो. काही देशांत ब्रीड क्लबचे, म्हणजे त्या-त्या जातीच्या क्लबचे, लोक खरंच लिटर बघायला जातात, पण कितीतरी ठिकाणी सगळं ब्रीडरच्या, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणाऱ्याच्या, सहीवर चालतं! आई-बाप दोघंही आधी रजिस्टर्ड पाहिजेत, एकाचे जरी पेपर्स नसले तरी पिल्लं दिसायला कितीही अस्सल असोत, गाडी तिथेच अडते. मग मेटिंगला नराच्या मालकाची संमती, पिल्लं झाली की जन्मतारीख, नर किती मादी किती, मग एकेकाचं नाव, रंग आणि कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप असेल तर तिचा 15 आकडी नंबर. सर्टिफिकेट ब्रीडरकडून तुमच्या नावावर ट्रान्सफर करायचं ते वेगळंच, आणि ते राहिलं तर क्लबच्या दप्तरी कुत्रा तुमचा नाहीच.

आता पिल्लं झाली पाच आणि कळवली सात, तर दोन सर्टिफिकेटं रिकामी उरतात ना, ती कुठल्याही पिल्लाला चिकटवता येतात. माझ्या बाबतीत काय झालं मला माहीत नाही, पण डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला तर चिपचा नंबर वेगळा आणि कागदावरचा वेगळा. ब्रीडर म्हणाला, "टायपिंग मिस्टेक असेल." पंधरापैकी नऊ आकडे चुकले होते, एवढी मिस्टेक! नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. म्हणून पैसे द्यायच्या आधी चिप समोर स्कॅन करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. अमेरिकन केनेल क्लब तर ज्या नराची आयुष्यात सात लिटर्स होतात किंवा एका वर्षात तीनपेक्षा जास्त, त्याचं डीएनए प्रोफाइल मागतो, म्हणजे पिल्लांचा बाप खरंच तोच का ते पडताळता येतं, ते काय उगाच नाही.

चूक माझ्याकडूनही झाली बरं का. एक पिल्लू मी 'ब्रीडिंगसाठी नाही' या अटीवर दिलं, अशा कुत्र्याचे स्वतःचे पेपर्स असतात पण त्याच्या पिल्लांना मिळत नाहीत. तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नाही. दोन वर्षांनी त्या गृहस्थांनी मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती.

आणि तब्येतीचं काय? पेडिग्रीवर, म्हणजे पूर्वजांच्या नावांच्या कागदावर, नुसती वंशावळ असते, हिपचा एक्स-रे किंवा जनुकीय टेस्ट ब्रीडरकडे वेगळी मागायची. तीन पिढ्यांच्या कागदावर 14 पूर्वज असतात, त्यात तेच नाव दोनदा आलं की विचारा का आलं. ब्रिटनच्या केनेल क्लबने बाप-मुलगी, आई-मुलगा, सख्खी भावंडं असल्या मेटिंगची पिल्लं 2009 पासून नोंदवणं बंद केलं, म्हणजे तोवर चालत होतं! हा क्लब 1873 सालचा आहे, हिशोब तुम्हीच करा. डाल्मेशियनची गोष्ट तर त्याहून भारी. या जातीत युरिक अॅसिडमुळे मुतखड्याचा त्रास रक्तातच आहे, तो घालवायला 1973 मध्ये एका शास्त्रज्ञाने पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी क्रॉस केला, पुढे पिढ्यान्‌पिढ्या परत डाल्मेशियनशीच, तरी त्या निरोगी कुत्र्यांना अमेरिकेत कायमची नोंद मिळायला 2011 उजाडलं. शुद्धतेचं सोवळं असं असतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात एक नमुना पेडिग्री छापा आणि कुठल्या रकान्यात काय बघायचं तेही सांगा. हवं तर माझ्याकडची देते, नंबर चुकलेली.

आपली,
एक वाचक