यंदा लावणीला येत नाही

रत्नागिरी,
२३ जून २०२४

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी बरा आहे. फोनवर सांगायला गेलो की बाबा "बरं, बरं" करत फोन आईकडे देतात, आणि आईची गाडी "जेवलास काय रे?"च्या पुढे जात नाही. म्हणून लिहितोय. उद्या स्टँडवर आपल्या वाडीतलं कोणी भेटलं की त्याच्या हातात देतो.

आडपडदा न ठेवता सांगतो. मी यंदा लावणीला येत नाही. आणि भाताचे खालचे दोन्ही कुणगे मी तात्याला उक्ते दिलेत. निम्मे पैसेही दिले. बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.

अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने, दिलेले नाहीत. आजोबांच्या वेळचं ऐकतच मी मोठा झालो, तेवढं मला कळतं. सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढायचा प्रश्नच नाही. चिखलणी, तरव्याची रोपं काढणं आणि लावणी, एवढ्याच कामाचे पैसे ठरलेत. भात आपलं, पेंढाही आपला. तुम्ही पेरलेलं रत्नागिरी चोवीसच लागणार, तात्याचं कुठलं तरी बियाणं नाही. पैसे कुठून आणलेस असं आई विचारेल. मे महिन्यात इंटर्नशिप केली त्याचे आहेत. कर्ज नाही, तायडीकडूनही घेतलेले नाहीत.

तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, हेही तुम्हाला माहीत आहे. गेल्या भाद्रपदात पायाच्या अंगठ्याचं जे झालं, त्यावर डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. आईने सांगितलं. (आई, आता बोलणी बसली तर माझं नाव घे.) साखर असलेल्या माणसाने जखमेचा पाय घेऊन आठ-आठ दिवस चिखलात उभं राहायचं, आणि आपल्याकडे लेप्टोच्या तापाचे पेशंट नेमके याच दिवसांत. तुमच्या अंगात ताकद नाही असं कोणीच म्हणत नाहीये. नांगर अजून तात्यापेक्षा तुम्ही सरळ धरता. प्रश्न फक्त पायाचा आहे.

आता मी का येत नाही ते. १३ आणि १४ जुलैला दिल्लीत रोबोकॉनची, म्हणजे रोबोटांच्या स्पर्धेची, भारताची फेरी आहे. लावणी ऐन रंगात असेल तेव्हाच, ते मलाही दिसतंय. आमच्या क्लबात पंचवीस मुलं आहेत, पण पहिलं यंत्र चालवणारा मी एकटा. रिमोट कोणाच्याही हातात देता येतो, पण मार्चपासून संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून हाताला जे वळण लागलंय ते दोन आठवड्यांत दुसऱ्याला कुठून येणार? मी नाही म्हटलं तर चोवीस जणांचं वर्ष वाया. आणि पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत हेच विचारतात, मार्क नंतर. हे तुम्हाला पटावं म्हणून लिहितोय असं नाही. बरं, पटावं म्हणूनच लिहितोय.

बाबांनी गणपतीत विचारलं होतं, "रात्र रात्र करता काय तिथे?" तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. आशिया आणि पॅसिफिककडच्या देशांची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दर वर्षी एक देश यजमान असतो आणि तो आपल्याकडचा खेळ देतो. २००८ला पुण्यात होती तेव्हा आपण दहीहंडी दिली होती, २०२२ला दिल्लीची पाळी आली तेव्हा लगोरी. आपल्याकडची निवड दूरदर्शन करतं. आई, म्हणजे तुझ्या सह्याद्रीवाल्यांच्याच घरचं कार्य आहे हे, उनाडक्या नाहीत.

यंदाचा यजमान व्हिएतनाम. आणि त्यांनी दिलेला खेळ ऐकून हसू नका: भातशेती! यंत्राने रोपं लावायची, मग भात गोळा करायचं, मग कणगीत भरायचं. सगळं तीन मिनिटांत. रोपं म्हणजे पीव्हीसी नळीचे तुकडे, भात म्हणजे रंगीत चेंडू. यंत्रं दोन. एक मी चालवतो, दुसऱ्याला हात लावायचा नाही, ते आपलं आपण बघून चेंडू उचलतं आणि कणगीत टाकतं. कणग्या पाच, एकेकीत तीन चेंडू. भरलेल्या कणगीत निदान दोन चेंडू आपले आणि सगळ्यात वरचा आपला असेल तर ती कणगी आपली. तशा तीन झाल्या की खेळ तिथेच संपला. त्याला ते 'मूआ वांग' म्हणतात, म्हणजे सोन्यासारखी सुगी. दोन्ही यंत्रं मिळून ५० किलोच्या आत बसवायची असतात, म्हणजे आपल्या एका गोणीएवढी.

जांभळे चेंडू म्हणजे पळंज, पोकळ दाणे. ते उचलायचे नाहीत. आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्या वर्कशॉपात ट्यूबलाइट दोनच. त्या उजेडात कॅमेऱ्याला निळा आणि जांभळा सारखेच दिसायचे, की गेलं यंत्र पळंज घेऊन कणगीकडे. आई, तू सूप वाऱ्यावर धरतेस आणि पळंज आपसूक पुढे जाऊन पडतं, याची किंमत मला त्या आठवड्यात कळली. आम्ही शेवटी दिवे वाढवले आणि शेकडो फोटो काढून यंत्राला दाखवत बसलो.

लावणीचीही एक गंमत आहे, ती बाबांसाठी. आमचा पंजा रोप बरोबर जागेवर ठेवायचा, पण वर येताना सोबत ओढून तिरकं करायचा. पंज्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, ते काढलं, हवेचा दाब कमी केला, तरी तेच. मग एका रात्री मला तुमचा हात दिसला. मी सातवीत होतो, पहिल्यांदा ओळीत उभं केलं होतंत, आणि माझी रोपं माझ्याच हाताबरोबर वर यायची. तुम्ही म्हणालात, "अरे, आधी बोटं मोकळी कर, मग हात काढ. घाई कसली आहे?" मी प्रोग्राममध्ये पंजा उघडणं आणि वर जाणं यांच्या मध्ये पाव सेकंदाची उसंत टाकली. रोप उभं राहिलं. पोरांना वाटलं मी कुठून तरी शोधून काढलं. सांगितलं, बाबांचं आहे.

२०१४ला ही स्पर्धा परत पुण्यात झाली होती, तेव्हा खेळाचा विषयच आई-बाप होता. एक मोठं यंत्र, एक छोटं. मोठ्याने छोट्याला उचलून झोपाळ्यावर बसवायचं, सी-सॉवर बसवायचं. सीनियर मुलांनी त्याचा व्हिडिओ दाखवला. मोठं यंत्र छोट्याला फार जपून टेकवत होतं, आणि मला पऱ्याला पूर आलेला तो दिवस आठवला. खांद्यावर मी, डोक्यावर माझं दप्तर, आणि तुम्ही पाय चाचपत चाललेले. शाळा बुडू नये म्हणून. मी घाबरलो नव्हतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

असो.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. जेवण व्यवस्थित आहे. मेसचा भात चिकट असतो, पण पिठी आणि मेतकूट अजून पुरतंय. झोप होते, निदान रविवारी. शॉक लागण्यासारखं काही नाही, सगळं २४ व्होल्टवर चालतं. वर्कशॉपचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं, पण मी त्या कोपऱ्यात बसत नाही. दिल्लीला १० तारखेला मंगला एक्स्प्रेसने निघतोय, यंत्रं सुटी करून प्लायवुडच्या पेट्यांत. दरडींचं मनात आणू नकोस, पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या मुद्दाम हळू चालवतात. सोबत सर आहेत, सांगलीचा रूममेट आहे, आणि त्याच्या आईने आत्ताच एवढे लाडू पाठवलेत की त्यांचं वजन रोबोटपेक्षा जास्त भरेल.

एक कबुली. तू पाठवलेल्या उकड्या तांदळातला अर्धा डबा मी खाल्ला नाही. मृगाच्या पहिल्या सरीत दोन सर्किट बोर्डं भिजली, ती पुसून रात्रभर त्या तांदळात पुरून ठेवली. एक वाचलं. तांदूळ टाकून दिले, रागावू नकोस.

आता मी सांगतो ते दोघांनीही ऐकायचं. बाबांनी बांधाखाली उतरायचं नाही. उतरायचंच झालं तर गमबूट, तेही मोजे घालून, आणि वर आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. रोज रात्री आईने बॅटरी लावून तळवे बघायचे, "काही नाही गं" चालणार नाही. लेप्टोच्या प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिन आठवड्याला एकदा असते, आशाताई आल्या की त्यांना विचारा, पण बाबांच्या साखरेच्या गोळ्या त्यांना आधी दाखवा. पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, त्यावर राख टाका. आई, चुलीची फाटी काढायला माळ्यावर चढू नकोस, तायडीच्या मुलाला सांग, तो नुसता मोबाइल बघत असतो. काळोख पडला की बॅटरीशिवाय गोठ्याकडे कोणीही जायचं नाही, फुरशी याच दिवसांत निघतात. आणि वीज असेल तेव्हा फोन चार्ज करून ठेवा. तुमचा फोन दोन दिवस बंद लागला की माझा हात रिमोटवर चालत नाही.

फार हुकूम सोडतोय ना? बाबा म्हणतील, कालपर्यंत पऱ्याला घाबरणारा.

वरचा छोटा कुणगा मी तात्याला दिलेला नाही. तो तुमचा आहे. दिल्लीहून १७ तारखेपर्यंत पोचतो, सामान टाकून मिळेल ती गाडी पकडून घरी येतो. तेवढा तरवा ठेवायला सांगा. थोडा वयाचा होईल, होऊ दे. आपण दोघं लावू. म्हणजे मी लावीन, तुम्ही बांधावरून चुका काढा.

तायडीला आणि काकूला नमस्कार. वासराच्या डोळ्याचं काय झालं ते कळवा.

तुमचा,
बाबू

ता. क. तात्या बुधवारी चिखलणीला येतोय. आई, त्याला चहा दोनदा दे आणि साखर जास्त घाल, तो मागत नाही. बाबांना बांधावर खुर्ची आणि छत्री दे. तिथे बसून ते ओरडले तर ओरडू देत, तात्याला मी आधीच सांगून ठेवलंय.