पाच संगणक, एकच मशीन

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी सोलापुरात येऊन आपण माइकवर सांगून गेलात, "पुढच्या वेळी साइट बसणार नाही." परवा शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. साइट बसली. चांगली मांडी घालून बसली.

रात्री साडेअकराला अशोक चौकातल्या माझ्या सेवा केंद्रात एकोणीस पोरं आणि त्यांचे आईबाप. पाचही संगणकांवर चक्र गरगरतंय. तेवढ्यात एका मुलीच्या आईनं मोबाइलवर तीच साइट उघडली आणि दोन मिनिटांत फॉर्म भरून मोकळी! लोक मला म्हणाले, "तुमचंच नेट भंगार आहे." महोदय, सहा वर्षं पुण्यात सर्व्हर सांभाळलेत मी. चोरासारखा उभा होतो.

माझा अंदाज ऐका. आलेलं काम व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका मोठ्या संगणकात मांडलेल्या आभासी संगणकांवर, वाटायला पुढे लोड बॅलन्सर असतो. तुमच्या माणसांनी त्याला आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता, बघून वाटणी करायला लावलंय. माझे पाचही संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, म्हणून पाचही एकाच मशीनच्या डोक्यावर. शेजारची मशीन माश्या मारतायत; त्या आईच्या मोबाइलचा पत्ता वेगळा, म्हणून ती तिकडे गेली. सात रस्त्याला हवालदारानं सगळ्या गाड्या एकाच रस्त्याला घालाव्यात, तसं. बरं, अर्धमेल्या मशीनला 'आहेस का?' विचारलं की ती 'आहे' म्हणते, म्हणून तिच्याकडे आणखी माणसं! जिच्यावर जोडण्या कमी तिच्याकडे पाठव, एवढं सांगायला काय जात होतं?

वर पत्रक काय, तर 'गर्दी अचानक वाढली'. अचानक? शेवटची तारीख तुम्हीच काढता ना! भार चढल्यावर नवं मशीन उभं करायला घेतलं, तर ते तयार होईस्तोवर लोक रिफ्रेश मारून मारून उरलेली आडवी करतात. वेळ लावून आधीच मशीन वाढवता येतात. गड्ड्याच्या यात्रेची तयारी आम्ही संक्रांतीच्या सकाळी सुरू करतो का?

केंद्रानं 2014 साली सरकारी क्लाउड आणला, म्हणजे सरकारी साइट चालवायला सामायिक मशीन, त्याचं नाव मेघराज. नळाला चार दिवसांआड पाणी बघितलेल्या सोलापूरकरांचं या नावाशी कधी जमलंय!

मुळात भार वाटणं तुम्हाला जमतच नाही. आमच्या गिरण्या गेल्या, यंत्रमाग भंगारात चाललेत, आयटी सगळी हिंजवडीला. पुणं फुटायला आलंय, तरी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसला आमचीच पोरं. शंभरातली नव्वद गेली असतील. मोजणार कोण, मोजणाराही तिकडेच गेला. मी एक आईच्या आजारपणात परत आलो, तर हे.

बाराच्या ठोक्याला खिडकी बंद झाली. अकरा फॉर्म राहिले, त्यातला एक माझ्या पुतणीचा. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. आठ दिवस मुदत वाढवा. आणि त्या आयपीचं तेवढं बघा.

आपला,
एक सेवा केंद्रचालक, सोलापूर