गोठलेल्या खाडीवरची हरणं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बोटं अजून नीट वळत नाहीत, तरी आजच लिहायला बसलोय. उद्यावर टाकलं तर यातलं निम्मं हातून निसटेल.

मी सध्या जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. इथे नोत्सुके नावाचा वाळूचा दांडा समुद्रात शिरलाय, सुमारे २६ किलोमीटर लांब, गळाच्या आकड्यासारखा आत वळलेला. जपानमधला हा सगळ्यांत मोठा. बाहेरच्या अंगाला नेमुरोची सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे कुनाशिर बेटाचे पांढरे डोंगर. आतल्या अंगाला उथळ खाडी, आणि ती हिवाळ्यात गोठते. पण गप्प नसते रे! बर्फाखाली भरती-ओहोटी चालूच असते. पाणी खाली गेलं की वरचा थर कण्हतो, मध्येच कडाडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत धस्स झालं.

इथल्या हरणाला एझोशिका म्हणतात. एझो हे होक्काइदोचं जुनं नाव, आणि शिका म्हणजेच हरीण. उन्हाळ्यात यांच्या अंगावर चितळासारखे ठिपके असतात. आता ते जवळजवळ पुसले गेलेत आणि दाट, करडी-तपकिरी लोकर आली आहे. नर चांगले शंभर किलोच्या वर भरतात. शिंगं वसंतात गळतात, त्यामुळे सध्या ती पुरती डोक्यावर आहेत. माद्या आणि पाडसं एका कळपात, नर वेगळे.

एवढ्या उघड्यावर, बोचऱ्या वाऱ्यात ती का येतात, हे मला आधी कळेना. उत्तर त्या वाऱ्यातच आहे. आतल्या जंगलात बर्फ पोटाला लागेल इतका साचला की हरणाचं चालणंच खुंटतं. इथे वारा तो साचू देत नाही, वाळकं गवत उघडं राहतं. गारठा सोसायचा आणि खायला मिळवायचं, असा हा सौदा.

पहाटे वळणावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि काच खाली करून बसलो. उजाडलं तेव्हा वीसेक पावलांवर एक मादी बसलेली दिसली. तिच्या पाठीवर बोटभर बर्फ होता, आणि तो वितळत नव्हता! आतली ऊब लोकरीबाहेर येतच नव्हती. नाकपुड्यांतून तेवढी वाफ निघत होती, पापण्यांवर दवाचे कण गोठले होते. शेजारी तिचं पाडस पुढच्या पायाने बर्फ उकरत होतं. चार-पाचदा खरवडायचं, तोंड खाली घालायचं, आणि हाती काय, तर काडीसारखं एक पातं. ते मात्र सावकाश, डोळे अर्धे मिटून चघळायचं. कितीतरी वेळ मी तेवढंच पाहत राहिलो.

तुला आठवतं, पाणवठ्यावर मी उठायला लागलो की तू माझं मनगट दाबून धरायचास? आज त्याचा खरा अर्थ लागला. हिवाळ्यात ही हरणं खातातही कमी आणि शरीराचा खर्चही आखडता घेतात. शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर वसंत गाठायचा असतो. आपण दहा पावलं पुढे जातो, ती शंभर पावलं पळतात, आणि त्या पळण्याची भरपाई या गवतातून होत नाही.

नेमकं तेच झालं. एक गाडी आली, दोघं उतरले आणि कॅमेरे घेऊन थेट कळपाकडे निघाले. शिट्टीसारखी तीक्ष्ण हाक आली, पार्श्वभागावरचे पांढरे केस फुलारले आणि सगळा कळप खाडीच्या बर्फावर पळाला. पाडस दोनदा घसरलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! काच खाली होती, हाक मारता आली असती. मारली नाही, याची चुटपुट अजून आहे.

या हरणांनी कमी भोगलेलं नाही. १८७९च्या हिमवर्षावात ती अतोनात मेली, त्यात शिकारीचा सपाटा. होक्काइदोतून ती जवळपास संपलीच होती. लांडगे माणसाने विष घालून संपवले ते कायमचेच. हरणं शिकारबंदीमुळे सावरली आणि आता इतकी वाढलीत की शेतं आणि झाडांच्या साली खातात म्हणून मारावी लागतात. त्यातही एक दुखणं निघालं: शिशाच्या गोळीने मेलेलं हरीण खाऊन स्टेलरचे समुद्री गरुड विषबाधेने मरू लागले. म्हणून २००० पासून इथे हरणांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी येत गेली. आज असाच एक गरुड बर्फावर बसला होता, पिवळीधमक चोच, कळपाकडे ढुंकूनही न पाहता.

ते दोघं गेल्यावर हरणं खाडीच्या मध्यावर थांबली आणि एकामागे एक, रांगेने पलीकडच्या काठाकडे चालू लागली. खाली बर्फ, वर ढग, दोन्ही एकाच रंगाचे. क्षितिज नव्हतंच. नुसती काळसर पावलं हलत होती. पाडस शेवटून दुसरं होतं, मी मोजत होतो.

मादी बसली होती तिथे बशीसारखा खळगा उरलाय. गाडीतूनच दिसला, खाली उतरलो नाही. उद्या पुन्हा त्याच वळणावर जाणार आहे, गाडी मात्र आणखी अलीकडे उभी करीन.

तुझा,
मित्र