पाइल किती खोल, हा अर्धाच प्रश्न

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुलाजवळच्या वाळूउपशाची बातमी आली की सोबत एक खुलासा ठरलेला असतो : ‘पाइल तीस मीटर खोल आहेत, काळजी नसावी.’ (पाइल म्हणजे पुलाच्या खांबाखाली नदीतळात खोलवर रोवलेले दंड.) उभ्या भारापुरते हे पटण्यासारखे आहे. पण पुराचा लोट, वारा, भूकंप पुलाला आडवे ढकलतात आणि त्याचा हिशेब निराळा.

लांब पाइलला बाजूने रेटले तर त्याचे खालचे टोक जवळपास जागचे हलत नाही. वाकतो तो वरचा भाग. रेटा पेलण्याचे बहुतेक काम नदीतळाच्या पृष्ठभागालगतच्या, पाइलच्या व्यासाच्या पाच ते दहा पट खोलीतल्या वाळूचे. म्हणजे एक मीटर व्यासाच्या पाइलची सारी भिस्त वरच्या पाच-दहा मीटरवर, मग तो तीस मीटर असो वा पन्नास. 1966 मध्ये टेक्ससमधल्या मस्टँग बेटावर 61 सेंमी व्यासाचे पोलादी पाइल वाळूत ठोकून प्रत्यक्ष रेटून पाहिले गेले. आजची गणिते बरीचशी त्या चाचण्यांवर उभी आहेत.

आता वरची तीन मीटर वाळू गेली, तर ‘तीसातले तीनच गेले’ म्हणता येत नाही. वाळूला चिकटपणा नाही, तिचा जोर वरच्या थरांच्या दाबातून येतो. तो दाब उतरला की उरलेल्या वाळूचाही प्रतिकार घटतो. शिवाय पाइलचा उघडा भाग लांबतो आणि तेवढ्याच रेट्याने तो कितीतरी जास्त वाकतो.

‘एक नाही, डझनभर पाइल आहेत’ हेही ऐकू येते. पाइल तीन व्यासांच्या अंतरावर असतील, तर मागच्या रांगांना पुढच्यांनी सैल केलेली वाळू मिळते. हिशेबात पहिल्या रांगेसाठी वाळूचा प्रतिकार एकट्या पाइलच्या सुमारे 80 टक्के, दुसरीसाठी 40 आणि तिसरीसाठी 30 धरण्याची पद्धत आहे. डझनाला डझनाचे बळ मिळत नाही.

तेव्हा आपल्या बातमीदारांनी पाइलच्या खोलीऐवजी एवढेच विचारावे : आराखड्यात खांबापाशी नदीतळाची पातळी किती धरली होती, आणि आज किती आहे? पूर ओसरल्यावर घेतलेल्या मोजणीवर मात्र विसंबू नये. पुरात खांबाभोवती पडलेला खड्डा पाणी उतरताना सैल वाळूने पुन्हा भरतो आणि तळ वरून जसाच्या तसा दिसतो. मोजणी पूर चालू असताना व्हायला हवी, ती होते का?

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता