खानापूरच्या मेडिकलवाल्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

दुकानात उभं राहून बोलायला गेले की मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं आणि तुम्हीही ‘असू दे अक्का’ म्हणून विषय तोडता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

माझ्या बोटांची पेरं सुजायला लागली, सकाळी तास-दीड तास मूठ वळेना, तेव्हा कुणी थंडी म्हणालं, कुणी वय. चाळिशीही न गाठलेल्या बाईला तपासून न बघता ‘वयाचं आहे’ सांगणारे डॉक्टरही भेटले. त्यांचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मिरजेत कळलं, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. अंगातली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उठते. मुळापासून जात नाही, पण औषधानं आवरता येतं.

औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ज्या मोठ्या दुकानातनं ती पहिल्यांदा घेतली, तिथल्या माणसानं मान वर न करता पाकिटावर ‘रोज एक’ लिहून दिलं. इंग्रजी चिठ्ठी मला कुठली वाचता येणार? काही दिवसांत तोंड आतनं सोलून निघालं, पाणी गिळवेना. तुमच्याकडं आले ती फोडांवर मलम मागायला. तुम्ही मलम काढलं नाहीत. ‘बाकी काय गोळ्या चालू आहेत अक्का? दाखवा बघू,’ म्हणालात. ती पट्टी हातात घेतल्यावर तुमचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. पुढची सगळी धावपळ घरच्यांना ठाऊक आहे. अंगातलं रक्त उतरलं होतं, आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

त्याबद्दल देवासमोर हात जोडते. हे पत्र मात्र कॅलेंडरसाठी आहे.

डिसेंबर सरत आला तशी तुम्ही गिऱ्हाइकांना नव्या वर्षाची कॅलेंडरं वाटत होता. माझं तुम्ही काउंटरवर पसरलंत, लाल पेन घेतलंत आणि जानेवारीपासून एकेका रविवाराला गोल करत सुटलात. खाली ‘गोळी’. सोमवारच्या घरात ‘फॉलिक’, म्हणजे जोडीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. दर तीन महिन्यांनी एका तारखेला ‘रक्त’, म्हणजे पेशी आणि लिव्हर तपासायची आठवण. तुमचं शिक्षण सगळं कन्नडमधनं, मराठी अक्षरं एकेक जुळवत लिहीत होता. लोक खोळंबले, एकजण चिडलासुद्धा. तुम्ही पान उलटत राहिलात, थेट पुढच्या डिसेंबरपर्यंत.

अण्णा, दुखणं कळल्यापासून माझ्याशी पुढच्या वर्षाचं कुणी बोलतच नव्हतं. पाहुणे ‘बरं कधी वाटणार’ एवढंच विचारत. बचत गटातल्या बायकांनी नव्या कर्जात माझं नाव धरलं नाही, भावाच्या घरच्या कार्यात मला कुठलंच काम सांगितलं नाही. सगळे मायेनंच करत असतील, पण त्या मायेत मी आधीच वजा झाले होते. तुम्ही बाराही महिने मला धरून चाललात.

आपल्या सीमाभागात पाट्या मराठीत की कन्नडमध्ये असाव्यात यावर कितीदा आवाज चढतात. समोरच्या आजारी माणसाला कळेल अशा भाषेत दोन शब्द लिहून देणारे तुम्ही बघितले, आणि जांबोटीच्या गाडीचा तो कंडक्टर बघितला, जो मी पायरी चढेपर्यंत घंटी मारत नाही. अशा माणसांच्या जिवावर मी घराबाहेर पडते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल त्यांनी आजच वार ठरवून पाकिटावर लिहावा. फोड, ताप, धाप असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना गाठावं.

नव्या वर्षात मी ठणठणीत होईन असं काही मनात धरलेलं नाही. पावसाळा जड जाईल, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. लेकीची एसएसएलसी, म्हणजे दहावी आहे, तिच्या परीक्षेच्या दिवसांत सकाळी उठून डबा मी करणार, एवढं ठरवलंय. गटाच्या पुढच्या बैठकीत माझं नाव मीच पुढं करणार आहे.

भोगीला वहिनींना घेऊन घरी या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी असेल. भाजी माझ्या हातची. भाकऱ्या जाऊबाई थापतील, मी भाजून काढीन.

तुमची,
अक्का