दिवाळीला येत नाहीये, त्याबद्दल

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई एकदम गप्प झाली, तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहून सांगायचं. बाबा, तुम्हाला समजायला जड जाणार नाही. गळीत हंगाम संपला की कारखान्यात तुम्ही उन्हाळाभर मिल खोलून बसायचात. आमच्या खराडीच्या इमारतीला ऑफ सीझन नाही. बहुतेक ऑफिसं एकदम बंद असतात ती लक्ष्मीपूजन ते पाडवा एवढीच. चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, खोलायचा तो तेव्हाच.

तीन चिलर आहेत. त्यातल्या दोन नंबरचं दुखणं सप्टेंबरपासून दिसतंय. कंडेन्सरमधून, म्हणजे चिलरची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागातून, बाहेर पडणारं पाणी आणि आतला गॅस यांच्या तापमानातल्या फरकाला आम्ही अप्रोच म्हणतो. नळ्या साफ असल्या की तो एक-दोन अंश असतो. आता साडेचारवर गेलाय. नळ्यांत क्षार बसलेत, त्यामुळे कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतोय. कारणही उघड आहे. उन्हाळ्यात टँकरचं बिल फुगलं तेव्हा वरून फर्मान आलं, कूलिंग टॉवरचं ब्लोडाउन कमी करा. टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागेच राहतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावंच लागतं. तेच अडवलं. टँकरचे वाचवले, विजेत घातले! मी तेव्हाच लेखी हरकत घेतली होती, म्हणून निदान माझ्यावर खापर फुटलं नाही. आता दोन्हीकडची झाकणं काढून एकेका नळीतून ब्रश फिरवायचा, पांढरट गाळ बाहेर येईपर्यंत.

खरं सांगू? यंत्रांपेक्षा माझी जास्त झटापट लॉगबुकाशी होते. जाणारं पाणी ७ अंश, परत येणारं १२; रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तेच आकडे, एका शाईत, एका दमात लिहिलेले. इतकं शहाणं यंत्र असतं का कुठं? मी ओरडत नाही. रात्रपाळीला वही लिहिणाऱ्या त्या मुलाला प्लांट रूममध्ये नेते, गेजसमोर उभं करते आणि त्यालाच वाचायला लावते. बारा तासांची ड्यूटी, ठेकेदाराकडून पगार उशिरा. पहाटे तीनला तो खुर्चीतून का उठत नाही, हे कळतं मला. पण त्या वहीच्या भरवशावर राहिले असते तर दोन नंबर थेट बंद पडल्यावरच कळलं असतं.

कागदाचं सगळीकडे असंच. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. जुलैत एजन्सीचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, डिझेल पंप मागच्या वेळी चालला होता की.’ म्हटलं, आत्ता चालवा. बॅटरी बसलेली निघाली. नवी घालून पंप माझ्यासमोर चालला, मगच कागद पुढे गेला.

आई, तू विचारशील म्हणून सांगते: यंत्राला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडून त्याला माझं कुलूप घालते, आणि चावी माझ्याच खिशात असते. कुणी चुकून चालू करेल ही भीती नाही.

तुळशीच्या लग्नाला नक्की येते. गिझर तापायला वेळ लावतो म्हणालीस ना, तो बदलायची घाई करू नका. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, कॉइलवर क्षारच बसले असणार. आल्यावर खोलून बघते. बाबा, तुम्ही एकट्याने स्टुलावर चढू नका.

तुमची,
माई